गिलास धुतले, मामा

मामा, आधीच सांगून टाकतो, मी तुमच्यावर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत. मनातलं तसंच पोटात ठेवून घरी नेलं की ते लेकराच्या पाठीवर निघतं, हे तुमचंच म्हणणं. माझ्या लेकीच्या, ओवीच्या पाठीवर काढण्यापेक्षा तुमच्यावर काढतो. तुम्हाला आता लागणार नाही.

काल तुमचा तेरावा झाला. आज सकाळी तुमचा लेक सुधीर बायको-पोराला घेऊन पुण्याला गेला. तो कसा गेला ते सांगायलाच खरं तर बसलोय, पण सुरुवात रागानंच होते आहे. समोर एक पाण्याची मोटार उघडून पडली आहे, तिच्या मालकाचे दोन फोन येऊन गेलेत, आणि मी दुकानात बसून ओवीच्या अर्ध्या भरलेल्या वहीत तुम्हाला लिहितोय.

तुम्ही गुरुवारी गेलात. त्याआधीच्या रविवारी आपलं भांडण झालं होतं. मधल्या तीन दिवसांत मी तुमच्या घरावरून पाच-सहा वेळा तरी गेलो असेन, कुणाची मोटार आणायला, कुणाची पोचवायला. एकदाही गाडी थांबवली नाही. म्हटलं, येईल रविवार, तेव्हा बघू. इकडे मामी सांगतात की मंगळवारपासून तुमच्या छातीत दुखत होतं आणि तुम्ही सोडा पिऊन “गॅस हाय गं” म्हणत होता. आम्हाला दर रविवारी “दुखतंय ते बोला रं” म्हणून बसवणारा माणूस स्वतःचं दुखणं सोड्याबरोबर गिळत होता. गुरुवारी सकाळी नळापाशी बसलात ते उठलाच नाहीत. धाराशिवला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आता मी चिडू नको तर काय करू?

त्यात दहाव्याला भाषणं झाली. आपल्या रविवारच्या बैठकीला दोन वर्षं ‘बाळंतिणींची बैठक’ म्हणणारे, आम्ही लेकरं कडेवर घेऊन रस्त्यानं निघालो की पारावरून “काय रं, पाजलंस का आज?” म्हणून ओरडणारे, तेच लोक हात जोडून उभे राहिले आणि ‘मामांनी तरुण पित्यांसाठी केलेलं कार्य’ असं काहीबाही बोलले. पिते! तुम्ही आम्हाला बाप म्हणायचात, तेसुद्धा “बापानो, गप बसा की जरा” एवढ्यापुरतं. एकानं तर तुम्ही प्रबोधन केलंत असं सांगितलं. शेजारी इस्माईल बसला होता, त्यानं मला कोपर मारलं. तुम्ही प्रबोधन केलं असतंत तर तुमचे गिलास तुम्हालाच धुवावे लागले असते.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तो दिवस मला आठवायला नको असतो, पण आठवतो. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर होऊन तुम्हाला वर्ष झालं असेल. बोअरची मोटार जळाली म्हणून ती घेऊन आला होतात. माझी बायको रेश्मा बचत गटाच्या कामाला धाराशिवला गेली होती, म्हणून तीन वर्षांची ओवी माझ्याजवळ दुकानात होती. सकाळपासून बसून मी एका मोटारीत तांब्याची तार भरत आणली होती. थोडं राहिलं होतं आणि मी पाणी प्यायला उठलो. वळून बघतो तर पोरीनं तारेचं टोक धरून ओढत ओढत पार दारापर्यंत नेलं होतं. चमकती तार, तिला मजा वाटली. मी तिला मारलं. पाठीत, दोनदा. आवाज झाला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, मान खाली घालून तार परत गोळा करायला लागली.

तुम्ही दारात उभे होतात. मला वाटलं, आता हे चार गोष्टी सुनावणार. तुम्ही मोटार खाली ठेवली आणि विचारलंत, “रविवारी सकाळी काय करायलास?”

“काय न्हाय. का वो?”

“आठ वाजता पोरीला घिऊन माझ्या घराकडं ये. बायकूला आणू नकु.”

एवढं बोलून गेलात. मोटारीला काय झालंय तेही सांगितलं नाहीत.

मी का आलो ते अजून नीट सांगता येत नाही. आलो खरा. तुमच्या अंगणातल्या पत्र्याखाली सतरंजी, तिच्यावर माझ्याच वयाचे सात जण, आणि अंगावर, मांडीवर, चपलांच्या ढिगात लेकरं. मामी चहाचं पातेलं ठेवून देवळात निघून गेल्या होत्या. घरात बाई दिसली की बाप लेकरू तिच्याकडे सरकवतो, म्हणून दर रविवारी त्यांनी दीड तास देवळात बसायचं असं ठरलेलं होतं. मामी म्हणतात, दोन वर्षांत एवढं पुण्य साठलं की आता देवच कंटाळला असेल. थोड्या वेळानं ओवी कुरकुर करायला लागली. तिला भूक लागली, झोप आली की आणखी काही, मला ओळखता येईना. रेश्माला विचारावं म्हणून फोन काढला तर तुम्ही धान्य पाखडायचं सूप पुढं केलंत. त्यात आधीच सात फोन पडलेले होते.

“पोरगी समोर बसलीय की. तिलाच इचार.”

तीन वर्षांच्या पोरीला मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं की तुला काय पाहिजे. तिला चप्पल काढून हवी होती. खडा गेला होता आत.

मग इस्माईल बोलला. त्याचा फळांचा गाडा आहे हे मला माहीत होतं, बाकी काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “माझी गाडी दारात वाजली की पोरगं दिवाणाखाली जातंय. अम्मी म्हणती, खेळतंय. खेळत न्हाय ते.” माझ्या घरी दिवाण नाही, पलंग आहे, एवढाच फरक. पण हे कबूल करायचं सोडून मी शहाणपणानं म्हणालो, “रोज येताना खाऊ आण की काहीतरी. येईल बाहेर.” सगळे हसले.

“सल्ला दिलास,” तुम्ही म्हणालात. “ऊठ. गिलास धू.”

मला आधी वाटलं चेष्टा आहे. मग कळलं की इथं सल्ला द्यायची बंदी आहे, आपल्याबाबतीत झालं तेवढंच सांगायचं, आणि जो चुकेल त्यानं नळावर बसून सगळ्यांचे चहाचे गिलास धुवायचे. “सल्ल्यात आपलं काय जात न्हाय रं,” तुम्ही नळापाशी येऊन मला सांगितलंत, “म्हणून माणूस देतोय.” मी चिडून गिलास धुतले आणि पुढच्या रविवारी परत आलो.

लगेच काही सुधारलं असं खोटं लिहीत नाही. तुमच्या बैठकीत काहीच लगेच होत नव्हतं, आणि मला त्याचा वैताग यायचा. सोयाबीन काढणीला आली की तिघेच उरायचे. कुणी दोन महिने गायब व्हायचा आणि परत आला की तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. तुम्ही ऐकून घ्यायचात, जशी काही तुम्हाला पुढच्या फाट्याला उतरायची घाईच नाही. मी मोटारीचा माणूस. बिघाड शोधायचा, जळालेलं काढायचं, नवं भरायचं आणि बटण दाबून बघायचं. तुम्हाला विचारायचो, मामा, याचा उपयोग काय? तुम्ही म्हणायचात, “बसला हुतास का न्हाय दीड तास पोरीबरूबर? मग झालं की.”

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी मी ती मारल्याची गोष्ट सांगितली. सात-आठ माणसांसमोर पहिल्यांदा तोंडातून निघालं की मी तीन वर्षांच्या लेकराला मारलं. कुणी “सगळेच मारतात” म्हणालं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. घरी जाताना ओवीला गाडीवरून उतरवलं आणि रस्त्याच्या कडेला बसून म्हटलं, त्या दिवशी दुकानात पप्पा चुकले. तिनं विचारलं, “मग ती तार नीट झाली का?” एवढे दिवस पोरगी माझ्या तारेची काळजी करत होती, मामा. मी तिथंच रडलो. ऊसवाला ट्रॅक्टर गेला, त्यातल्या माणसानं हॉर्न मारून विचारलं काय झालं म्हणून.

आज मला ओवीच्या दोन वेण्या घालता येतात, त्या शाळा सुटेपर्यंत टिकतात. तिला झोपवताना अंगाई म्हणता येत नाही असं वाटायचं, आता बेसूर का होईना म्हणतो. ती रागावली की जेवण लवकर संपवते आणि घाबरली की हळू जेवते, हे मला रेश्माच्या आधी कळतं. हे तुमचं देणं आहे, ते नाकारत नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

आपल्याकडची ती रीत कुठं लिहिलेली नाही, पण पाळतात सगळे. घरातली वडील माणसं समोर असली की आपलं लेकरू आपण घ्यायचं नाही. पुतण्याला घ्या, भाच्याला खांद्यावर नाचवा, शेजाऱ्याचं घ्या. स्वतःचं उचललं की वडील घसा खाकरतात आणि तेवढं पुरतं. मी माझ्या वडिलांसमोर, अण्णांसमोर ओवीला कधी घेतलं नव्हतं. ती पडली तरी रेश्माला हाक मारायचो. हे मी बैठकीत बोललो, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या तुम्ही सतरंजीचा दोरा ओढत बसलात.

मग तुम्ही बोललात. दोन वर्षांत तुम्ही स्वतःचं सांगितलंत ते तेवढं एकदाच.

“म्या परंड्याच्या मुक्कामी गाडीवर हुतो तवा. सहा राती भाईर, एक दिस घरी. सुध्या चार वर्साचा. गोडीशेवचा पुडा घिऊन आलो. आमचे वडील वसरीवर, थोरले आप्पा बाजूला. सुध्या आतून पळत आला, दोनी हात वर. आन् म्या त्याच्या बाजूनं फुडं गेलो. मागं आप्पाचा महेश हुबा हुता, त्याला उचललं. पुडा बी त्याच्याच हातात दिला. सुध्या हात वर करून तसाच हुबा. मंग त्यानं हात खाली घेतले. हळूहळू. लई हळू.”

सतरंजीचा दोरा तुटून तुमच्या हातात आला. तुम्ही म्हणालात, “फुडं त्यानं कवा हात वर केले न्हाईत. म्या लई वाट बघितली.”

त्या आठवड्यात मी ओवीला अण्णांसमोर उचललं. अंगणात, भरदिवसा. अण्णा खाकरले. मी उभाच राहिलो. ते उठून गोठ्यात गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरीला धरताना मानेखाली हात दी.” ओवी तेव्हा चार वर्षांची होती, मानेखाली हात द्यायची काही गरज नव्हती. माझ्या जन्मापासून जे सांगायचं राहिलं होतं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं असणार. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा तुम्ही एवढे हसलात की डोळे पुसावे लागले. मला वाटलं, आता हे सुधीरला फोन करणार.

तुम्ही केला नाहीत. पाच वर्षांपूर्वी अर्णवच्या बारशाला तुम्ही पुण्याला गेला होतात. पाळण्यातल्या नातवाला घ्यायला हात पुढं केलेत आणि सुधीर सगळ्यांसमोर म्हणाला, “याला कशाला घेताय? महेशदादाच्या पोराला घ्या.” तुम्ही हात मागं घेतलेत, न जेवता निघालात, आणि तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. सुधीरचा फोन मामींना यायचा. मामी तो स्पीकरवर ठेवायच्या आणि तुम्ही शेजारी बसून नातवाचा आवाज ऐकायचात, खोकला आला तर तोंडावर पंचा धरून.

मी पहिल्यांदा म्हणालो, मामा, फोन करा, तेव्हा तुम्ही मला गिलास धुवायला लावलेत. दुसऱ्या रविवारी म्हणालो, परत गिलास. तिसऱ्यालाही. शेवटच्या रविवारी मी तुमचा फोन सुपातून काढून समोर धरला.

“आत्ता लावा.”

“सल्ला दिलास. गिलास धू.”

“धुतो की. आधी तुमी फोन लावा.”

“त्यो उचलायचा न्हाय.”

“झालं ते सांगायचं, व्हईल ते न्हाय. तुमचाच नियम हाय.”

तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तरी तुम्ही तेच म्हणालात. “बालाजी, गिलास.”

“न्हाय धूत. नियमाच्या आड लपायलाव तुमी. आमाला हितं अंगणात उघडं करून बसवताव, आन् सोताच्या लेकराला एक फोन करायला तुमचा हात जड व्हतोय.”

ओवीला उचललं आणि निघालो. ती खांद्यावरून मागं बघत म्हणाली, “पप्पा, गिलास राहिले.” मी थांबलो नाही.

ते गिलास तुम्हीच घासलेत म्हणे. मामींनी दहाव्याला सांगितलं. देवळातून आल्या तेव्हा तुम्ही नळावर बसला होतात. म्हणालात, “पोरगं खरं बोललं. दिवाळीला जाऊ आपुन पुण्याला.” दिवाळीला! मामा, सोमवार होता, मंगळवार होता, बुधवार होता. फोन तुमच्या खिशात होता. सगळ्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस तुम्ही, आणि ही एक गाडी तेवढी दिवाळीपर्यंत उभी ठेवलीत. मला हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही तीही सोय ठेवली नाहीत.

सुधीर गुरुवारी संध्याकाळी पोचला. तुम्हाला अग्नी दिला, रडला नाही. शनिवारी सावडून आल्यावर अंगण माणसांनी भरलं होतं. बाजेवर आप्पा बसले होते, तुमचे थोरले भाऊ. एवढी अनोळखी माणसं बघून अर्णव बिचकला आणि बापापुढं जाऊन त्यानं दोन्ही हात वर केले. सुधीरनं एकदा बाजेकडे पाहिलं. मग म्हणाला, “महेशदादा, जरा घे रे याला.” महेशनं उचललं, तरी पोराचे हात सुधीरकडेच होते.

पुण्यात राहणारा, शिकलेला, बापाशी पाच वर्षं न बोललेला माणूस. तुमची ती एक गोष्ट मात्र त्यानं न चुकता उचलली होती, आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मला कळलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. इथलं इथंच ठेवायचं, बाहेर न्यायचं नाही, हाही तुमचाच नियम. तुम्ही लेकाला सांगितलं नाहीत आणि आमच्या तोंडाला कुलूप लावून गेलात.

तुमच्यामागचा पहिला रविवार फुकट गेला. चौघे आलो, सुतकाचं घर, चहा नाही, सूप रिकामंच. बसलो आणि उठलो. दुसऱ्या रविवारी सहा जण जमलो. मामींनी पातेलं ठेवलं आणि सवयीनं देवळाकडं निघाल्या, मग दारातच थांबल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या. सुधीर पत्र्याच्या खांबाला टेकून आमच्याकडे बघत होता.

“तुम्ही इथं नेमकं काय करायचात?” त्यानं विचारलं.

“बोलायचो,” इस्माईल म्हणाला. “लेकरांचं.”

सुधीर हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “आणि ते ऐकायचे? मी अठरा वर्षं या घरात होतो. एसटीत तिकीट घेतलं का आणि शाळा सुटली का, यापलीकडे काही विचारल्याचं आठवत नाही मला.” मग त्यानं खाली बघत विचारलं, “माझ्याबद्दल कधी काही बोलले?”

इस्माईलनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, नको म्हणून. मी म्हणालो, “एकदा बोलले. नियम मोडून सांगतो.” आणि सगळं सांगितलं. मुक्कामी गाडी, गोडीशेव, ओसरीवरचे आजोबा, वर केलेले हात. तुमच्याच शब्दांत सांगितलं, एकही शब्द माझा घातला नाही.

तो रडेल असं मला वाटलं होतं. तो भडकला.

“म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या सात-आठ जणांना सांगितलं, मला नाही. मला वाटायचं महेशदादा दिसायला चांगला म्हणून असेल. मी आरशात बघायचो, माहितीये? आजोबा बसले होते म्हणून? एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

“मग एवढंच सांगायला काय झालं होतं त्यांना?”

माझाही तुम्हाला तोच प्रश्न आहे, मामा. उंबऱ्यावर मामी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. सावडण्याच्या दिवशी अंगणात तू काय केलंस ते मी पाहिलं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर तो सल्ला झाला असता. गिळलं. सुधीर आत निघून गेला. मी उठलो आणि नळावर जाऊन बसलो. ओवी एकेक गिलास दोन्ही हातांनी धरून आणून देत होती. त्या दिवशीचे धुतले, आणि भांडणाच्या रविवारी माझे राहिलेले तुम्ही धुतले होते तरी त्यांच्या वाटचं म्हणून प्रत्येक गिलास दोनदा घासला. इस्माईल म्हणाला, “बस कर रं, कल्हई जाईल.” काचेच्या गिलासाला कल्हई. हसूही आलं आणि तुमचा रागही आला.

आज सकाळी त्यांची गाडी निघायची होती म्हणून मी ओवीला घेऊन आलो. डिकीत मामींनी भरून दिलेली ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, तुमचा एक सदरा. आप्पा बाजेवर, शेजारी गल्लीतली चार म्हातारी माणसं. सुधीर सगळ्यांच्या पाया पडत होता. माझ्याशी तो त्या रविवारपासून बोलला नव्हता, आजही बोलला नाही. अर्णवला निघायची घाई झाली होती. तो पळत बापापुढं आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

महेशनं सवयीनं हात पुढं केले. “आण, म्या घेतो.”

सुधीर थांबला. त्यानं बाजेकडे पाहिलं, मग पोराच्या हातांकडे. तेवढा वेळ पोरगं हात वर करून उभं होतं, मामा, आणि मी माझ्या ओवीला घट्ट धरलं होतं. मग सुधीर वाकला आणि त्यानं त्याला उचललं.

आप्पा खाकरले.

सुधीरनं पोराला खाली ठेवलं नाही.